शरदातला बेत

दिल्लीतला शरद ऋतू हा फार थोड्या दिवसांचा पाहुणा. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस माघार घेतो, आभाळ धुऊन निघते, रस्त्याकडेच्या सप्तपर्णींना फुले येतात आणि रात्री उशिरा घरी परतताना त्यांचा उग्र-गोड वास अंगावर येतो. आमच्याकडे, म्हणजे देशावर, ऑक्टोबर म्हटला की कपाळाला आठी पडते; पावसाळा सरलेला आणि थंडी न आलेली अशी ती तापदायक संधी असते. इथे मात्र तोच महिना वर्षातला सर्वांत सुखाचा. हे सुख तीन-चार आठवडे टिकते. मग पंजाब-हरियाणाच्या शेतांत भाताचे खुंट जाळल्याचा धूर येऊ लागतो, त्यात दिवाळीच्या दारूचा धूर मिसळतो, वारा पडतो आणि भर दुपारी सूर्य जुन्या तांब्याच्या पैशासारखा दिसू लागतो. अशा वेळी दिल्लीकराच्या मनात डोंगर न आला तरच नवल.

आमचा बेत २०२५ च्या शरदातला. प्रवासाची हकीकत मी येथे सांगणार नाही. प्रवासवर्णने आपल्याकडे उदंड आहेत. बेताचे वर्णन मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः प्रवासात माणसे दमलेली असतात आणि त्यामुळे बरीचशी सारखीच वागतात. बेत आखताना ती ताजीतवानी असतात, घरात पंख्याखाली बसलेली असतात, आणि म्हणून तिथे त्यांचे खरे स्वभाव दिसतात.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कारकून आहे. पदनाम अलीकडे ‘सचिवालय सहायक’ झाले आहे; काम तेच आहे. साहजिकच बेताची फाईल माझ्याकडे आली. आम्ही सगळे एके काळचे शेजारी. २०१६ साली सरकारने दक्षिण दिल्लीतल्या सात जुन्या सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय घेतला, त्यात आमचे नेताजी नगर गेले. दोन मजली क्वार्टर्स, पुढचे अंगण, कडुलिंबाखालचा गणपती, सगळे गेले. कोणी रामकृष्णपुरमला गेले, कोणी द्वारकेला, कोणी यमुनेपलीकडे वैशालीला. एका हाकेच्या अंतरावरची माणसे दीड-दीड तासाच्या अंतरावर गेली. तेव्हापासून वर्षातून एकदा सर्वांनी मिळून कुठेतरी चालायला जायचे असा परिपाठ पडला आहे. नाव डोंगराचे, खरी ओढ शेजाराची.

एकूण आम्ही सात जण. लेखापरीक्षा खात्यातले मित्र आणि त्यांच्या शिक्षिका असलेल्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मी व माझी पत्नी, गुरगावच्या एका कंपनीतला तरुण इंजिनियर, जो लहानपणी आमच्याच अंगणात क्रिकेट खेळत असे, ठेकेदारामार्फत एका कार्यालयात टंकलेखनाचे काम करणारा लातूरकडचा एक मुलगा, आणि नाना. सगळी वसाहत त्यांना नाना म्हणे. दुसऱ्या एका मंत्रालयात कक्ष अधिकारी, वय एकोणसाठ, पुढच्याच जानेवारीअखेर निवृत्त व्हायचे आणि क्वार्टर सोडून गावी परतायचे. चौतीस वर्षे दिल्लीत काढून हिमालयाचे शिखर त्यांनी एकदाही जवळून पाहिले नव्हते. दर रजेला ते एलटीसी घेऊन गावी जात. तिथे आई होती. २०२२ साली त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला गेला. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती.

बेताची पहिली लढाई नेहमी रजेच्या आघाडीवर होते. आम्हाला वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात आणि ऑक्टोबरपर्यंत त्यांतल्या बहुतेक मुलांच्या तापात आणि पाहुण्यांच्या गाड्या गाठण्यात संपलेल्या असतात. १९८५ पासून आठवडा पाच दिवसांचा झाला, म्हणून शनिवार-रविवार हाताशी तरी असतात. त्यात २०२५ साली दसरा आणि गांधीजयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली. सरकारी नोकराखेरीज या योगाचे दुःख कोणाला कळणार नाही. इंजिनियरचे मत दसऱ्याला निघावे असे होते. ते आमच्या रजांत बसेना, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस धरले: भाऊबीज आटोपून २३ ऑक्टोबरच्या रात्री निघायचे आणि २९ च्या सकाळी कार्यालयात हजर व्हायचे. म्हणजे तीन रजा. पण २७ आणि २८ ला छठ होती. माझ्या कक्षातले दोन सहकारी बिहारचे. त्यांची तिकिटे दोन महिने आधीच काढलेली. कोणाला वाटेल, सगळ्यांच्याच रजा सारख्या. मला तसे वाटत नाही. जो माणूस वर्षातून एकदा आईच्या अर्घ्यासाठी उभ्याने प्रवास करून गावी जातो, त्याच्या रजेशी माझ्या हौसेच्या रजेने स्पर्धा करू नये. मी त्यांचे दोघांचे काम आधी उरकून ठेवण्याचे कबूल केले आणि तिसऱ्या सहकाऱ्याला माझ्या दोन दिवसांसाठी गाठले. त्याची किंमत पुढे डिसेंबरभर फेडली.

दुसरी लढाई वाटेची. लेखापरीक्षक मित्राला बेदनीच्या गवताळ माळावर तंबू ठोकून चांदणे पाहायचे होते. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आहे हे मी त्यांना दाखवले. लेखापरीक्षक असल्यामुळे नियम समोर येताच ते शांत झाले. इंजिनियरचे मन हर-की-दूनवर जडलेले. डेहराडूनहून दिवसभराच्या मोटारप्रवासाने सांकरी. पुढे चक्क ‘तालुका’ नावाचे गाव. तेथून पाठीवर सॅक घेऊन ओसला, आणि ओसल्याहून साडेअकरा हजार फुटांवरचे ते खोरे, समोर स्वर्गारोहिणी. पांडव याच वाटेने गेले असे तिथली माणसे सांगतात. त्याने नकाशा आणला होता. समोच्च रेषा दाट कुठे, विरळ कुठे, पाणी कुठे, सगळे त्याला पाठ. त्याच्या आवाजात असे काही होते की आम्ही सगळे गप्प बसून ऐकत राहिलो, आणि सह्याद्रीत तोरण्यावर घालवलेली माझी एक जुनी रात्र मला उगीच आठवली.

वहिनींनी मात्र एक वेगळाच प्रश्न काढला. त्या वर्षी ५ ऑगस्टला धरालीत खीरगंगेच्या लोंढ्याने बाजार गाडला गेला होता. ऑगस्टच्या अखेरीस रुद्रप्रयाग जिल्ह्यात गावे उद्ध्वस्त झाली. सप्टेंबरच्या मध्यावर डेहराडूनभोवतीचे पूल आणि रस्ते वाहून गेले. “लोकांची घरे गेली आहेत. आपण तिथे हौसेने हिंडायला जायचे?” कोणाला उत्तर सुचेना. शेवटी ज्या गावात आमची उतरण्याची सोय होऊ शकत होती, तिथल्या घरमालकाला मी फोन केला आणि आडून आडून विचारले. तो म्हणाला, साहेब, रस्ता आता चालू आहे. यंदा माणसेच आली नाहीत, खोल्या मोकळ्या पडल्या आहेत, आलात तर बरे होईल. वहिनींच्या प्रश्नाचे हे संपूर्ण उत्तर नव्हे, हे मलाही कळत होते. परंतु त्यानंतर त्यांनी सामानाच्या यादीत आपले नाव लिहू दिले.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे नाना. तिला मी लढाई म्हणत नाही.

नाना येणार हे सर्वांनी गृहीत धरले होते, नानांनी सोडून. त्यांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या आणि तीन अटी घातल्या: रात्रीचा मुक्काम दहा हजार फुटांच्या वर नको, पाठीवर ओझे नको, आणि छातीत जड वाटले तर त्याच पावली खाली. या अटींत हर-की-दून बसत नाही. तिथे एक तर वर मुक्काम करायचा किंवा एका दिवसात ओसल्याहून जाऊन-येऊन कोसांचे कोस तुडवायचे. दुसऱ्या दिवशी आमच्या सर्वांच्या फोनवर नानांचा संदेश आला. आयुष्यभराच्या सवयीने तो त्यांनी सरकारी पत्राच्या धाटणीत लिहिला होता. “विषय: सहलीतून नाव कमी करण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकाराच्या सहभागामुळे बेतास कमीपणा येऊ नये. सबब नाव कमी करावे.” मी त्याच थाटात उत्तर धाडले: अर्जासोबत पुरेसे कारण जोडलेले नसल्याने अर्ज परत. सगळे हसले. परंतु मी काकूंशी बोललो तेव्हा त्या हसल्या नाहीत. “संदेश पाठवून ते गच्चीवर जाऊन बसले,” त्या म्हणाल्या, “आणि जेवायला खाली आले नाहीत.”

त्या रविवारी पाच जण माझ्या घरी जमले; नानांना बोलावले नव्हते. मी तुंगनाथाचा पर्याय पुढे ठेवला. ऋषिकेशहून उखीमठाकडे जाऊन सारी गावात मुक्काम. दुसऱ्या दिवशी चढून देवरिया ताल, ज्याच्या पाण्यात सकाळी चौखंबा उलटा दिसतो. तिसऱ्या दिवशी अरण्यातून चोपता. चौथ्या दिवशी पंचकेदारांतले तुंगनाथ आणि वर चंद्रशिला. मुक्काम सगळे नऊ हजार फुटांच्या आत. तुंगनाथाची दारे नोव्हेंबरच्या आरंभी बंद होतात आणि देव हिवाळ्यासाठी मक्कूमठला जातो. आम्ही त्याच्या आत पोहोचत होतो. चोपत्यापासून देवळापर्यंत वाट बांधीव आहे, जागोजागी बसायला कठडे आहेत, आणि जिथे वाटेल तिथून परत फिरता येते.

इंजिनियर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे गटाने जायचे तर सगळ्यांनी नेहमी कमीच चालायचे का? माझी गुडघ्यांची ही दहा-पंधरा वर्षे. नंतर मीही नानांसारखाच बाकावर बसणार आहे.” मला त्याचे बोलणे स्वार्थी वाटले नाही. त्यात एक सत्य होते आणि ते त्याने स्पष्ट सांगितले, याबद्दल मला तो आवडला. लेखापरीक्षकांनी सुचवले, दोन तुकड्या कराव्यात: धडधाकट हर-की-दूनला, उरलेले तुंगनाथला. हिशेबाच्या दृष्टीने ते निर्दोष होते. पण धडधाकट म्हणजे चौघे, आणि उरलेले म्हणजे नाना, त्यांच्या सोबतीला मी, व आम्हा दोघांच्या काळजीला माझी पत्नी! अशी सहल नाना कधीच स्वीकारणार नव्हते. ज्या बेतात एखादा माणूस ओझे म्हणून मोजला जातो, त्या बेतातून तो माणूस आपणहून गळतो. आणि मग बाकीचे म्हणतात, त्यांचीच इच्छा नव्हती. कार्यालयात मी हे अनेकदा पाहिले आहे.

कोंडी फोडली ती लातूरच्या मुलाने. तो एरवी बोलत नाही. त्याला पगारी रजा नाही. तीन दिवस गैरहजर राहिला की तीन दिवसांचे पैसे कापले जातात. तो म्हणाला, “हर-की-दूनला चौथी रजा लागते. मला तीनच परवडतात. मी सांगणार नव्हतो.” इंजिनियरने त्याच्याकडे पाहिले. दोघे एकाच वयाचे. नकाशाची घडी घालीत तो म्हणाला, “तिसऱ्या दिवशी सारीहून चोपत्यापर्यंत आम्ही जंगलातून चालणार, पूर्ण सॅक घेऊन. आणि चंद्रशिला पहाटे अंधारात. हे दोन ठरवा, मग माझे काही म्हणणे नाही.” ठरले. त्या तिसऱ्या दिवशी पाच जण रानातून आणि दोघे जीपने सडकेवरून. जीपच्या रकान्यात नानांच्या खाली मी माझे नाव लिहिले.

काकासाहेब कालेलकर १९१२ साली दोन सोबत्यांसह हिमालयात पायी हिंडले. साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने त्या प्रवासाचे वर्णन पुढे गुजरातीत लिहिले. आमच्या याद्या करताना मला त्यांची राहून राहून आठवण होई. त्या काळी यात्रेच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर चट्ट्या असत. दुकानदाराकडून पीठ-डाळ घेतली की तो स्वयंपाकाला भांडी आणि पडायला पडवी देई. यात्रेकरू काठी, घोंगडे आणि लोटा घेऊन निघे. आज चट्ट्या गेल्या, मोटारी आल्या, आणि पायी चालणाऱ्याला मात्र घर पाठीवर घ्यावे लागू लागले! ही प्रगती नीटशी समजण्याजोगी नाही. आम्ही स्लीपिंग बॅगा भाड्याने आणल्या. कोणाचीही सॅक त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जड असू नये असा नियम केला आणि माझ्या घरच्या वजनकाट्यावर सगळ्यांना उभे केले; या प्रसंगाविषयी माझ्या पत्नीने अधिक लिहू नये असे सांगितले आहे.

खाण्याचा प्रश्न दिवाळीने सोडवला. फराळासारखे डोंगरातले अन्न नाही. बेसनाचा लाडू वजनाला हलका नसला तरी ताकदीला भारी; शंकरपाळे खिशात राहतात; चिवडा ओला झाला नाही तर आठवडा टिकतो. चकलीवर मात्र मतभेद झाले. तिचा चुरा होतो असे लेखापरीक्षकांचे म्हणणे, आणि चुराही चकलीच, असे वहिनींचे. अनारसे एकमताने बाद झाले. वर्गणीचा जुना नियम नानांनीच नेताजी नगरात घालून दिलेला होता: वर्गणी पगाराच्या मानाने, जेवण भुकेच्या मानाने. तो तसाच ठेवला.

सरावासाठी आम्ही रिजवर गेलो. दिल्लीचा हा रिज म्हणजे अरवलीचे शेवटचे शेपूट. तिथे चढ शोधावा लागतो. त्यापेक्षा हौज खासच्या मेट्रो स्थानकाचे जिने बरे. जमिनीखाली सुमारे तीस मीटर खोल असलेल्या त्या स्थानकात सरकत्या जिन्याकडे पाठ फिरवून आम्ही चढउतार करीत असू. चोपत्याहून तुंगनाथ म्हणजे सुमारे एक हजार मीटरचा चढ. म्हणजे हौज खास तेहतीस वेळा, असा हिशेब मी मांडला. नाना डॉक्टरांना विचारून यात सामील झाले. पहिल्या दिवशी एकदा, आठवड्याने दोनदा. मध्ये थांबत, कठड्याला हात लावून, घड्याळ पाहून नाडी मोजत. येणारे-जाणारे वळून पाहत. एका शिपायाने आपुलकीने सरकता जिना दाखवला. नाना म्हणाले, “नको रे बाबा, मी तुंगनाथला निघालोय.” तो गढवाली निघाला. त्याने हात जोडले.

शेवटची बैठक कोजागिरीला, ६ ऑक्टोबरला, रामकृष्णपुरमला नानांच्या घरी झाली. आभाळ ढगांनी भरलेले, चंद्र नाहीच. काकूंनी मसाल्याचे दूध आटवले होते. त्याच सुमारास बदरी-केदारच्या बाजूला बर्फ पडल्याच्या आणि एव्हरेस्टच्या तिबेटकडील अंगाला शेकडो पदयात्री हिमवादळात अडकल्याच्या बातम्या येत होत्या. दसऱ्याला निघालो असतो तर आम्ही डोंगरातच असतो, हे कोणी बोलले नाही, इंजिनियरनेही नाही. त्यात आमचे शहाणपण काही नव्हते, फक्त रजा शिल्लक नव्हत्या. पाऊस गेला की डोंगर निर्धोक झाला, ही समजूत २०२१ च्या ऑक्टोबरनेच खोटी पाडलेली आहे. त्या वेळी तीन दिवसांच्या अवकाळी वृष्टीने नैनितालचा तलाव रस्त्यावर आला, आणि हर्षिलहून छितकुलकडे जाणाऱ्या लमखागा खिंडीत व सुंदरढुंग्याच्या खोऱ्यात चालायला गेलेली माणसे बर्फात गेली. म्हणून आम्ही बेताला एक कलम जोडले: निघण्यापूर्वी तीन दिवसांचा हवामानाचा अंदाज पाहायचा, आणि तो वाईट असेल तर फराळ इंडिया गेटवर बसून खायचा.

मग नानांच्या सामानाचा विषय निघाला. एकूण चार किलो तीनशे ग्रॅम. घोडा करू, मी म्हटले. नानांनी मान हलवली. माझे मी घेईन, ते म्हणाले; त्याला डॉक्टरांची दुसरी अट आडवी आली. तेव्हा इंजिनियरने माझ्या हातून कागद ओढून घेतला आणि सामान सहा जणांत वाटून टाकले: स्वेटर वहिनींकडे, पाण्याची बाटली लेखापरीक्षकांकडे, मोजे व कानटोपी माझ्या पत्नीकडे, रेनकोट लातूरकराकडे, शाल माझ्याकडे, औषधांची पिशवी स्वतःकडे. “औषधे माझ्याकडे कशाला? तू तर पुढे धावणार,” नाना म्हणाले. तो म्हणाला, “चौथ्या दिवशी पहाटे मी चंद्रशिला करून खाली येतो. मग तुमच्याबरोबर पुन्हा निघतो. पुन्हा जाईन त्यात काय झाले?” आणि कागदावर त्याने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: परतीची वेळ सकाळी अकरा, जो जिथे असेल तिथून, सर्वांनी.

नानांनी चष्मा चढवला आणि कागद हातात घेतला. ‘ऋषिकेश’मधला माझा ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. दोन ठिकाणी तारखेखाली रेघ ओढली. मग समासात, चौतीस वर्षे जसे लिहीत आले तसे, बारीक अक्षरात ‘पाहिले’ असे लिहून त्यांनी खाली आद्याक्षरे आणि तारीख घातली. कागद माझ्याकडे परत देता देता पुन्हा मागे घेतला, आणि आद्याक्षरांच्या खाली आणखी एक ओळ लिहिली: “टॉर्चचे सेल कोणी आणायचे, ते नमूद नाही.”